नाव सांगितलं की गुन्हा झाला : विदर्भातल्या पोलीस पाटील, सरपंच आणि तंटामुक्त समित्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारातली पळसाची मेढी (फांदी) उपटायची, गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायची आणि आरोळी द्यायची : "रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत!" पूर्व विदर्भात तरी हे वेगळं सांगायला नको. या रिवाजातली एक गोष्ट मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सगळी इडापिडा गावाबाहेर जाते, पण त्यात कुणाचं नाव नसतं. कुणाचं घर दाखवलं जात नाही. मारबत, म्हणजे इडापिडेचं प्रतीक, सगळं घेऊन जाते आणि माणसं मागे सुखरूप राहतात.

त्याच पावसाळ्यात, त्याच गावात, एखाद्या घरी लेकरू तापानं फणफणतं आणि कुणीतरी म्हणतं, "हे बाहेरचं हाय. कोनीतरी केलं हाय." इथंवर गुन्हा झालेला नसतो. "कोनीतरी"च्या जागी ज्या क्षणी एक नाव येतं, त्या क्षणी तो होतो. हे पत्र त्या एका क्षणाबद्दल आहे, कारण तो क्षण ठाणेदाराच्या आधी तुमच्या कानावर येतो.

ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सात जणांना भर चौकात बांधून मारलं. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यात दोघांना जाळून मारलं. डिसेंबर 2024 च्या अखेरीस मेळघाटात एका वृद्धेला मिरचीची धुरी दिली, मूत्र पाजलं, चपलांचा हार घालून फिरवलं. या शेवटच्या प्रकरणात आरोपी म्हणून खुद्द गावच्या पोलीस पाटलाचं नाव आलं. म्हणून पत्राच्या पत्त्यावर पहिला मान तुमचा.

आधी कायद्याबद्दलचा एक गैरसमज, कारण तो फार नुकसान करतो. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आठवडाभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे. लोकांनी ते आखूड करून "जादूटोणाविरोधी कायदा" केलं. आखूड नावातून उलटा अर्थ निघतो. लोकांना वाटतं, हा कायदा जादूटोणा करणाऱ्या बाईविरुद्ध आहे. "तिच्यावर तो कायदा लावा" म्हणत माणसं ठाण्याच्या पायऱ्या चढतात. प्रत्यक्षात कायद्यानं करणी खरी मानलेलीच नाही. अमुक बाई करणी करते, मंत्रानं गाईचं दूध आटवते, तिच्यामुळे रोग येतो, असं जाहीर करून किंवा नुसतं भासवून तिचं जगणं मुश्किल करणं हा गुन्हा आहे. अनुसूचीतली ही सहावी बाब. "भासवणं" हा शब्द लक्षात ठेवा; त्याच्याकडे पुढे वळतो. त्यावरून मारहाण, नग्न धिंड किंवा रोजच्या व्यवहारावर बंदी ही सातवी बाब. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, चाबकानं मारणं, धुरी देणं, चटके देणं ही पहिली. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. दखलपात्र आणि अजामीनपात्र.

ही उलटापालट जगात दुसरीकडेही झालेली आहे. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकिणी ठरवून अंदाजे 40 ते 50 हजार माणसं कायदेशीर खटले चालवून मारली गेली. इंग्लंडच्या 1604 च्या कायद्यात चेटूक करणं हा गुन्हा होता. 1735 च्या कायद्यानं ते फिरवलं : चेटकाचे खटले बंद झाले आणि चेटूक येतं अशी बतावणी करणं हा गुन्हा झाला. चेटूक खरं न मानणं, हा आपल्या कायद्याचाही गाभा आहे. शेजारचं राज्य म्हणून सांगतो, छत्तीसगडचा 2005 चा कायदा तर नावातच "टोनही प्रताडना" म्हणतो, म्हणजे टोनही (चेटकीण) ठरवून छळणं. गोंदिया-गडचिरोलीच्या सीमेवरच्या गावांत दोन्हीकडची सोयरीक असते. तिकडून आलेल्या बैग्यालाही, म्हणजे मांत्रिकालाही, इकडचा कायदा लागू होतो.

करणी हा शब्द "करणे" वरून आला. अथर्ववेदात त्याच धातूचा "कृत्या" आहे : कुणी तरी केलेली, कच्च्या मडक्यात घातलेली, विहिरीत टाकलेली वस्तू. तिच्यावरच्या प्रतिकाराच्या मंत्रांचं मागणं असं की, जिनं-ज्यानं केलं त्याच्याकडेच परत जा. करणारा कोण हे शोधायचा प्रश्नच तिथं मिटतो. नाव माहीत नसलं तरी उपाय चालतो. मारबतीचंही तेच. नाव विकणारा मांत्रिक हा या परंपरेतला दलाल आहे, आणि त्याची सगळी कमाई नावावर आहे.

आता तो नाव कसं काढतो ते पाहू. सहसा तो नाव उच्चारतच नाही. बाधित घरचे गेले की आधी दाणे टाकतो, तांदूळ पाहतो, एकी-बेकी मोजतो. मग प्रश्न : घरापासून उगवतीला कोण राहतं? तिच्या दारात लिंब हाय का? वर्षभरात शेताच्या धुऱ्यावरून बोलाचाली झाली का? तिच्या घरात माणूस नाही ना? प्रत्येक गावात उगवतीला कुणीतरी राहतं, लिंब दर चौथ्या दारात असतो आणि धुऱ्यावरून न भांडलेलं घर सापडायचं नाही. घरचे आपणच एक-एक माणूस गाळत जातात आणि शेवटी उरतं ते नाव स्वतःच्या तोंडानं बोलतात. मांत्रिक फक्त मान डोलावतो. पुढे ठाण्यात तो शपथेवर सांगू शकतो की, मी कुणाचं नाव घेतलं नाही. खरंच घेतलेलं नसतं. म्हणूनच वर म्हटलं, कायद्यातला "भासवणं" हा शब्द सोडू नका. घरच्यांचा जबाब घेताना "त्यानं कुणाचं नाव घेतलं?" असं विचारू नका. "त्यानं काय काय विचारलं, कोणत्या क्रमानं, तुम्ही काय उत्तर दिलं?" असं विचारा आणि प्रश्न जसेच्या तसे लिहून घ्या.

काही ठिकाणी वाटी किंवा तांब्या चालवतात. एखाद्यानं हात ठेवायचा आणि भांडं सरकत सरकत "करणाऱ्या"च्या दारी जातं. हात ठेवणारा लबाड असतोच असं नाही. मनात जे असतं त्या दिशेला स्नायू नकळत ढकलतात आणि ढकलणाऱ्याला ते कळत नाही. याची परीक्षा घराघरांवर कधीही करू नका; परीक्षेच्या नावाखाली तुमच्याच हातून कुणाच्या दाराला बोट लागायचं. दहा सारखे पेले पालथे घाला, एकाखाली नाणं ठेवा. ठेवणारा माणूस खोलीबाहेर जाऊ द्या, नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून दिशा कळते. मग वाटी चालवायला सांगा. दहा वेळा केलं तर नुसत्या योगायोगानं एकदा बरोबर येईल. बहुतेक वेळा इथंच कळतं की, वाटीला नाण्याचा पत्ता नाही.

"पुरावा" म्हणून जे दाखवलं जातं त्यातही पाच-सहाच प्रकार फिरून फिरून येतात.

करणीचा नारळ : फोडला की आत कुंकू, केस, कधी कोमेजलेलं फूल. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यातला एक मऊ असतो. तो टोचून पाणी काढतात, आत माल भरतात, मेणानं किंवा डिंकानं बुजवतात आणि वर शेंडी चिकटवून ठेवतात. फोडण्याआधी कानाजवळ नेऊन हलवा, पाणी वाजायला पाहिजे. शेंडी जोर न लावता निघाली तर समजून जा. मांत्रिक नारळ आपल्याच झोळीतला वापरतो. गावच्या दुकानातून आणलेल्या नारळातून त्याला काही काढता येत नाही.

रक्त निघणारं लिंबू : सुरीच्या पात्याला मिथाइल ऑरेंज नावाचा रंग लावून वाळवलेला असतो. तो आंबटात लाल होतो. सुरी स्वच्छ पुसली की लिंबू पांढरंच कापलं जातं, म्हणून मांत्रिक तुमच्या घरची सुरी घेत नाही. दुसरा प्रकार हळदीचा. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की रक्तासारखा रंग येतो. दोन्ही ओळखायला दवाखाना लागत नाही. त्या "रक्ता"वर लिंबू पिळा. पिवळं झालं तर हळद. चुन्याची निवळी टाकून पिवळं झालं तर सुरीचा रंग. खरं रक्त दोन्हींनी पिवळं होत नाही.

आपोआप पेटणारा होम : समिधेखाली विहिरीत टाकतात ते लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आणि वरून "तूप" म्हणून ग्लिसरीन. 20-30 सेकंदांत पेट घेतं. हिवाळ्यात ग्लिसरीन घट्ट होतं, स्फटिक जाडे असले तर आणखी उशीर लागतो, आणि ग्लिसरीनमध्ये पाणी गेलं असेल तर पेटतच नाही. त्यामुळे मंत्राची लांबी ऋतूप्रमाणे बदलते, ही गंमत एकदा कळली की विसरत नाही. शाळेत हे दाखवायचं असेल तर लोखंडी ताटलीत, चिमूटभर पावडरीवर, पोरांना दोन हात लांब ठेवून आणि शेजारी रेतीचं घमेलं ठेवूनच.

अंगावर उठलेल्या फुल्या : इथं आपल्या विदर्भाचा बिब्बा. त्याच्या तेलानं लगेच काही होत नाही. एक-दोन दिवसांनी फोड येतात, काळं पडतं. मधल्या वेळात बिब्बा कुणी, कधी लावला हे सगळे विसरलेले असतात. कपड्यांवर खूण करायला परीट हेच तेल वापरत, एवढं आठवलं तरी पुरे. गालात दडवलेला काटा किंवा केसांचा गुंता "पोटातून चोखून" काढणं ही तर फारच जुनी हातचलाखी. आधी तोंड उघडून दाखवायला आणि चूळ भरायला सांगा.

घरात कपडे जळणं, जेवणात घाण पडणं, कौलांवर दगड येणं, ज्याला भानामती म्हणतात, त्याची रीत वेगळी आहे. ती बाहेरून कुणी करत नाही. हात घरातल्याच कुणाचा तरी असतो आणि तो बहुधा कोंडलेला असतो. नको असलेलं लग्न, परीक्षेची धास्ती, सासरचा जाच. प्रत्येक घटनेची वेळ, जागा आणि तेव्हा घरात कोण कोण होतं, एवढा तक्ता आठ दिवस लिहा. एक नाव प्रत्येक ओळीत येतं. पण ते नाव चावडीवर सांगायचं नाही. नाव फुटलं तर त्या पोरीचं जिणं उद्ध्वस्त होतं. तिच्याशी एकट्यानं नाही, तर एका विश्वासू बाईला सोबत घेऊन बोला आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. बहुतेक प्रकार पहिल्या बोलण्यानंतर थांबतात.

हे सगळं माहीत असून भागत नाही, कारण चलाखी उघडी पडली तरी आजार तिथंच असतो. ज्याचं लेकरू आजारी आहे त्याला नारळाचं विज्ञान नको असतं, त्याला कारण पाहिजे असतं. म्हणून तुमच्या हाती खरं कारण असलं पाहिजे.

मण्यार घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. सूज नाही, दुखणं नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, थुंकी गिळता येत नाही. साप कुणी पाहिलेला नाही, जखम नाही, धडधाकट माणूस लुळा पडतोय : करणीला याहून चांगलं चित्र मिळणार नाही. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आणि झुकलेल्या पापण्या एकत्र दिसल्या की 108 ला फोन करा. सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. सुरुवातीला 8 ते 10 कुप्या शिरेतून देतात आणि मण्यारच्या रोग्याला श्वासाचं यंत्र लागू शकतं. म्हणून जिथं लस आहे त्या दवाखान्यात आधी फोन करून विचारा, मग गाडी हाका. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र घालणं ही अनुसूचीतली नववी बाब आहे.

गडचिरोलीच्या बाजूला फॅल्सिपेरम मलेरिया डोक्यात गेला की ताप चढलेला माणूस बरळतो, झटके येतात. "अंगात आलं" म्हणतात ते हेच. आशाताईकडची पट्टीची चाचणी 15-20 मिनिटांत उत्तर देते. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भात पुष्कळ आढळतो, गोंड, कोरकू, महार वस्त्यांत विशेष. मार नाही, पडणं नाही, तरी सांध्यांत हाड फुटल्यासारखी कळ, थंडीत आणि पाणी कमी प्यायल्यावर जास्त. सहा महिन्यांच्या लेकराचे हात-पाय फुगतात. एकाच घरातली दोन पोरं पाठोपाठ दुखायला लागली की "घरावर केलं" असं ठरतं. मुळात दोन्ही आईबापांकडून आलेला रक्तदोष असतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची पहिली चाचणी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात फवारणीहून आलेला माणूस घामाघूम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या : ही औषधाची विषबाधा आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात याच विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गाईचं दूध आटलं तर आधी कास पाहा. चारही सडांतली पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या किंवा रक्ताची तार दिसली तर तो दगडी रोग आहे, शेजारणीची नजर नव्हे.

मेळघाटातला भुमका किंवा भामरागडकडचा वड्डे, म्हणजे गावचे पुजारी-वैदू, यांना या सगळ्यात शत्रू करू नका. लोक आधी त्यांच्याकडे जाणार, हे धरूनच चाला. त्यांना एवढंच पक्कं सांगा : पूजा करा, अंगारा लावा, पण कुणाकडे बोट दाखवायचं नाही, लेकराच्या पोटाला तापल्या विळ्याचा डंबा (चटका) द्यायचा नाही आणि रोगी तासाभराहून जास्त थांबवायचा नाही. इजा न करणारी पूजाअर्चा, भजन, कीर्तन, वारी यांना कायद्यात हात लावलेला नाही, हेही त्यांना सांगा. "आमचा देव बंद करायला आले" ही भीती गेली की अर्धं काम होतं.

आता नाव फुटल्यानंतरचं. कुजबुज आणि मार यांच्यामध्ये बहुधा काही दिवस असतात, आणि त्या दिवसांत एक बैठक होते. ती बैठक तुमच्या चावडीवर होऊ देऊ नका. ग्रामपोलीस अधिनियम 1967 प्रमाणे गुन्हा होण्याआधी खबर देणं हे पोलीस पाटलाचं काम आहे, तेव्हा बैठकीची हाक कानावर येताच 112 ला फोन करा आणि फोनची वेळ वहीत लिहा. जिचं नाव आलं तिला त्याच रात्री नातेवाइकाकडे हलवा. "दोन दिवसांनी पाहू" इथं सगळ्यात जास्त घात होतो, कारण दुसरं लेकरू दगावलं की जमाव आवरत नाही.

तंटामुक्त समितीनं हा तंटा मिटवायला घेऊ नये. दोन्ही बाजूंना बसवून "तिनं पुन्हा करणार नाही असं लिहून द्यावं" असा समेट म्हणजे तिच्याकडून करणीची कबुली लिहून घेणं. तो कागद पुढे तिच्याविरुद्धच फिरतो. "शपथ घे, दिव्य कर" हेही तसंच. तिच्या घरचं पाणी, पिठाची गिरणी, दुकान, मजुरी बंद केली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा वेगळा लागतो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

ठाण्यात काय चुकतं? बहुधा "किरकोळ मारहाण" म्हणून अदखलपात्र नोंद होते आणि करणीचा शब्द गाळला जातो. फिर्याद लिहितानाच तारीख, वेळ, जागा, कुणी, कुणासमोर, नेमके कोणते शब्द उच्चारले ते लिहा आणि "अधिनियम 2013, अनुसूची बाब 6 व 7" असा उल्लेख आग्रहानं घाला. "जादूटोणा करत असल्याच्या संशयावरून" हे वाक्य टाळा. त्यात आरोपीची सबब फिर्यादीच्या तोंडी जाते. "करणीचा खोटा आरोप करून" असं लिहा. कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. नकार मिळाला तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालानं पाठवा आणि पोच जपा. या कायद्याखाली पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायचा असतो. तुमच्या ठाण्यासाठी तो कोण, हे आजच विचारून भिंतीवर लिहा. बाई अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोप करणारे तसे नसतील तर अत्याचार प्रतिबंध कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं चेटकिणीच्या आरोपासाठी स्वतंत्र कलम आलं आहे, 3(1)(झेडबी). अंगावरचे कपडे धुऊ नका, जखमांची वैद्यकीय नोंद त्याच दिवशी करा, दोरी, काठी, राख, नारळ पंचनाम्याआधी उचलू नका. वकिलाचा खर्च महिलेला पडत नाही. उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं.

आणखी एक, कारण ते मोबाइलवर आलंय. एसटीच्या सीटमागे "वशीकरण, सौतन से छुटकारा" चिकटवणारे आता फोटो मागवून "कुणी केलं" ते सांगतात, पैसे फोनवर घेतात आणि सहज एक वर्णन पाठवून देतात : सावळी, एकटी, घरामागे विहीर. तो मांत्रिक तीनशे कोसांवर बसलेला असतो आणि मार इथल्या बाईला पडतो. संभाषणाचा स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याची नोंद हाच तिथं मुख्य पुरावा. फोन फॉरमॅट होण्याआधी जप्त व्हायला हवा. गुप्तधन, पायाळू माणूस, मांडूळ, पैशाचा पाऊस यांचं बोलणं ऐकू आलं तर मात्र थांबू नका. तिथं अनुसूचीतली चौथी बाब (गुप्तधनासाठी अघोरी कृत्य) लागते आणि लेकराच्या जिवाशी गाठ असू शकते.

यंदा पोळ्याच्या दिवशी गावात दवंडी द्या. मजकूर आम्ही लिहून देतो, हवा तसा आपल्या बोलीत फिरवा :

"ऐका हो ऐका. आजार झाला तर आशाताईले सांगा, साप चावला तर 108 ले फोन करा. कोनी कोनाचं नाव घेऊन करणी केली म्हनलं, तर म्हननाऱ्यावर गुन्हा दाखल होईल, जिचं नाव घेतलं तिच्यावर नाही. बैठक बोलावणाराबी त्यात धरल्या जाईल. मारबत उद्या सकाळी सहाले, शाळेपासून निघन हो."

आपले,
जादूटोणाविरोधी कायद्याचं गावोगाव प्रशिक्षण देणारे कार्यकर्ते